बाग विकायला काढलीये, आता काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कॉलनीतली बाग लहानशीच. दोन घसरगुंड्या, एक मोडका सीसॉ, कडेने कडुनिंब आणि सोनमोहर, आणि संध्याकाळी पाचनंतर आजोबा लोकांनी धरून ठेवलेली तीन बाकडी. ती विकायला निघाली होती, वाचली, आणि तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी सगळे विचारत असतात की तुम्ही नक्की केलंत काय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. हे महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं आहे. मी वकील नाही, तीन-चार वर्षं महापालिकेच्या पायऱ्या झिजवलेला माणूस आहे एवढंच, त्यामुळे कोर्टात जायची वेळ आली तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

१. बाग "विकतायत" असं ऐकलं, पण महापालिकेत विचारलं तर म्हणतात विक्री वगैरे काही नाही. खरं कोणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. विक्री हा शब्द कागदावर जवळजवळ कधीच येत नाही, तिथे लिहिलेलं असतं "दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा", "खाजगी सहभागातून विकास", "आरक्षणात फेरबदल", "समावेशक आरक्षण" नाहीतर "बहुमजली वाहनतळासह उद्यान विकसित करणे". तीस वर्षांच्या लीजवर गेलेली बाग आजच्या पोराला त्याच्या पोराला घेऊन जाईपर्यंत परत मिळत नाही, मग ती विकली काय आणि भाड्याने दिली काय. २०२१ मध्ये पुणे महापालिकेने ॲमिनिटी स्पेस (मोठ्या प्रकल्पांतून सार्वजनिक सोयींसाठी मिळालेल्या जागा) लीजवर द्यायचा प्रस्ताव आणला तेव्हा शहरात जो गदारोळ झाला तो याच्यावरूनच.

म्हणून अधिकाऱ्याला "विकताय का" असं विचारू नका, तो खरं बोलून "नाही" म्हणेल आणि तुम्ही घरी याल. विचारायचं असं: या सर्व्हे नंबरबद्दल गेल्या दोन वर्षांत कुठला प्रस्ताव, ठराव, टेंडर किंवा फेरबदलाची नोटीस निघाली आहे का. आणि तोंडी नाही, लेखी.

२. सगळ्यात आधी काय करू? सह्या गोळा करू का?

सह्या नंतर. आधी बाग नक्की कुठल्या कागदावर बाग आहे ते शोधा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आम्ही इथेच चुकलो, सहाशे सह्या घेऊन गेलो आणि साहेबांनी शांतपणे विचारलं की ही जागा डीपीतलं (शहराच्या विकास आराखड्यातलं) आरक्षण आहे की लेआउटची ओपन स्पेस, आणि आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. पत्र घेतलं, शिक्का मारला, आणि ते कुठल्यातरी फाइलमध्ये जाऊन बसलं.

चार कागद लागतात. एक, सातबारा किंवा मिळकत पत्रिका (लोक प्रॉपर्टी कार्डच म्हणतात), त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते कळतं, ऑनलाइन निघतं. दोन, नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा, यावरून त्या जागेवर उद्यान, क्रीडांगण वगैरे आरक्षण आहे का ते दिसतं. तीन, तुमच्या कॉलनीचा मंजूर लेआउट, म्हणजे बांधकाम परवानगीच्या वेळी पास झालेला नकाशा शिक्क्यासकट. चार, जागा महापालिकेच्या ताब्यात आली असेल तर ताबा पावती नाहीतर हस्तांतरणाचा करार.

चौथा कागद सापडत नाही हे आधीच सांगून ठेवतो. कितीतरी बागा वर्षानुवर्षं महापालिका झाडून-पुसून सांभाळते आणि प्रॉपर्टी कार्डावर मात्र मूळ मालकाचंच नाव असतं, कारण नाव चढवायचं राहून गेलं. तो मालक वारला, त्याच्या नातवाने उतारा काढला, की तिथून आपल्या गोष्टीला सुरुवात.

३. आरक्षण, ओपन स्पेस, ॲमिनिटी स्पेस हे सगळं एकच ना?

अजिबात नाही, आणि भांडणात निम्मा गोंधळ याच्यामुळेच होतो.

डीपी आरक्षण म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा बागेसाठी राखून ठेवलेली. हे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली येतं (सगळे एमआरटीपी म्हणतात). जागा आधी खाजगी मालकाची असू शकते, महापालिकेने ती नंतर घ्यायची असते.

लेआउटमधली ओपन स्पेस म्हणजे मोठी जमीन पाडून प्लॉट किंवा बिल्डिंगी केल्या तेव्हा तिथे राहणाऱ्यांसाठी सोडायला लावलेली मोकळी जागा. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यात २०२० पासून जी एकत्रित नियमावली आहे (युडीसीपीआर) तिच्यात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. जुन्या लेआउटला त्या वेळचे नियम लागतात पण तत्त्व हेच. ही जागा तिथल्या रहिवाशांच्या सामायिक वापराची असते, वेगळी काढून विकायची नसते.

ॲमिनिटी स्पेस आणखी वेगळी. ती मोठ्या प्रकल्पातून सार्वजनिक सोयीसाठी घेतलेली असते आणि तिथे बागच व्हावी असं बंधन नाही, शाळा, दवाखाना, मंडई काहीही होऊ शकतं. तुमची "बाग" जर खरं तर ॲमिनिटी स्पेसवर कोणीतरी लावलेली झाडं असेल तर बाजू जरा कमजोर आहे, हे लपवून उपयोग नाही.

४. महापालिका स्वतःच्या मालकीची बाग विकू शकते का? लोकांची जागा आहे ना ती?

मालमत्ता विकायचा, भाड्याने द्यायचा अधिकार महापालिकेला कायद्याने दिलाय, पण त्याला वेसण आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ बघा. विक्री किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांना परस्पर करता येत नाही, सभागृहाची मंजुरी लागते, आणि किंमत चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे आणि नगरपरिषदांना १९६५ चा, कलमं बदलतात.

आता मेख अशी की जागा डीपीत उद्यान म्हणून आरक्षित असेल तर नुसत्या कलम ७९ च्या ठरावाने तिथे इमारत उभी राहत नाही, आधी आरक्षण बदलावं लागतं आणि त्याची वेगळी प्रक्रिया आहे (प्रश्न ५). उलट आरक्षण तसंच ठेवून फक्त बाग "चालवायला" दिली तर फेरबदलाची नोटीस निघतच नाही, नुसता ठराव आणि टेंडर. म्हणून दोन्ही दारांवर लक्ष ठेवायला लागतं.

आणखी एक. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांमध्ये वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या काळातले ठराव मागवून नक्की वाचा, सभेत चर्चा झालेली नसल्यामुळे पेपरात काही आलेलं नसतं.

५. कलम ३७ ची नोटीस म्हणजे काय आणि ती आम्हाला कळणार कशी?

मंजूर डीपीत किरकोळ बदल करायचा असेल तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली करतात. नियोजन प्राधिकरण म्हणजे आपली महापालिका ठराव करते, राजपत्रात आणि पेपरात नोटीस देते, लोकांकडून हरकती-सूचना मागवते, सुनावणी घेते, मग प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला जातो. याच कलमात एक पोटकलम आहे ३७ (१ अअ), त्याखाली सरकार स्वतःहूनही बदल करू शकतं, तिथेही नोटीस काढावीच लागते.

हरकतीला मिळतो एक महिना. बाग जायची असते ती याच महिन्यात जाते, बुलडोझर येतो त्या दिवशी नाही.

कळणार कशी, तर सरळ सांगायचं तर कळत नाही. नोटीस अशा पेपरात आणि अशा पानावर असते की निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींमध्ये ती दिसतच नाही, आणि वर "मौजे अमुक, स.नं. तमुक पै., आ.क्र. इतका" अशा भाषेत, त्यात बाग हा शब्द शोधून सापडणार नाही. आम्ही काय केलं, तर आमच्यातले एक रिटायर्ड पोस्टमन काका आहेत त्यांना रोज सकाळी वाचनालयात तीन पेपरांच्या जाहीर नोटिसा बघायचं काम दिलं, सर्व्हे नंबर एका चिठ्ठीवर लिहून. काका म्हणाले एवढं सोपं काम आयुष्यात केलं नाही. सातव्या महिन्यात त्यांनीच पकडली. त्याशिवाय महापालिकेच्या वेबसाइटवर सभेची विषयपत्रिका येते ती दर महिन्याला चाळायची.

६. हरकतीत लिहायचं काय? व्हॉट्सॲपवर एक तयार मजकूर फिरतोय, तोच देऊ का?

द्या, काहीच न देण्यापेक्षा बरं. पण शंभर एकसारखे कागद आले की सुनावणीत त्यांचा एकच मुद्दा धरून एका ओळीत निकाल लागतो. वीस वेगवेगळ्या माणसांनी वीस वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

"हिरवळ ही काळाची गरज आहे" वगैरे निबंध नको. लिहायचं असं: एक किलोमीटरच्या आत दुसरी बाग कुठली आणि तिथे जायला कुठला हायवे ओलांडावा लागतो. डीपीच्या अहवालात या भागाला मोकळ्या जागा किती हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत (हा तक्ता डीपीच्या अहवालातच असतो, त्यांचेच आकडे त्यांना दाखवा). बागेखालून पावसाळी नाला जातो का. शाळेला मैदान नाही म्हणून पोरं पीटीला इथे येतात का. आणि कायद्याचा एक मुद्दा सगळ्यांनी घालायचा, की कलम ३७ फक्त किरकोळ फेरबदलासाठी आहे, आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणाऱ्या फेरबदलासाठी नाही, आणि या भागातली एकमेव बाग काढणं किरकोळ कसं.

शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे" हे वाक्य लिहा. आणि आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि नंबर. ईमेल केला तरी कागद द्याच.

७. माहिती अधिकारात काय मागायचं? आमचा अर्ज "माहिती उपलब्ध नाही" म्हणून परत आला.

कारण तुम्ही प्रश्न विचारला असणार. "बाग का विकताय" हा प्रश्न आहे, माहिती नाही. कागद मागायचे: अमुक सर्व्हे नंबरबाबतच्या फाइलची टिपणीसह प्रत, ठरावाची प्रत, मूल्यांकन अहवाल, ताबा पावती. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा किंवा ऑनलाइन भरायचे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये, त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे. त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं, पण तिथे नंबर लागेपर्यंत बागेत टॉवर उभा राहील, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसू नका.

त्यापेक्षा पटकन होणारी गोष्ट लोकांना माहीतच नाही. महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय वगैरे ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघायला मिळाव्यात असा शासन निर्णय २०१८ पासून आहे. आम्हाला मूळ लेआउट असाच मिळाला. फाइल घेऊन बसलो तर मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली टीप, "सदर जागा रहिवाशांच्या वापरात आहे, विक्री प्रस्तावित करणे योग्य होणार नाही". कोणीतरी कनिष्ठ अभियंत्याने कधीतरी लिहून ठेवलेली. त्याचं नाव कळलं नाही, पण त्या पानाची झेरॉक्स शेवटपर्यंत आमच्या पिशवीत होती.

८. आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. संपलं का?

नाही, पण आता जास्त पळावं लागेल. महापालिकेने प्रस्ताव सरकारकडे पाठवला असला तरी नगरविकास विभागाची मंजुरी बाकी असते आणि तिथे सहा महिने काय, कधी वर्षही जातं. त्या काळात नगरविकास विभागाला आणि नगररचनेच्या सहसंचालक कार्यालयाला लेखी निवेदन द्या, त्यात नोटीस कशी प्रसिद्ध झाली, कुणाला कळलीच कशी नाही हे पुराव्यासकट लिहा. महापालिकेच्या लोकशाही दिनात (नागरिकांच्या तक्रारी ऐकायच्या ठरलेल्या दिवशी) टोकन लावा. मंजुरी येऊन राजपत्रात छापलं गेलं असेल तर मग कोर्टच (प्रश्न १४).

९. जागा खाजगी मालकाची आहे, त्याने म्हणे "पर्चेस नोटीस" दिलीये. हे काय प्रकरण?

हे सगळ्यात धोकादायक आणि यात कोणी खलनायक असेलच असं नाही. एमआरटीपीचं कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो की घ्या नाहीतर सोडा. ही मुदत आधी सहा महिने होती, मग वर्ष, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने आहे. तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा घ्यायला ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि मालक तिथे शेजारच्या जागेसारखं बांधू शकतो. ठोस पाऊल म्हणजे काय यावर सुप्रीम कोर्टाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा निकाल प्रसिद्ध आहे, त्याचा मथितार्थ असा की नुसतं "आम्ही कलेक्टरला पत्र पाठवलं" एवढ्याने भागत नाही.

मालकाच्या बाजूनेही बघा जरा. आजोबांची जमीन, तीस वर्षं आरक्षण, ना पैसे ना वापर. त्यामुळे इथे भांडण मालकाशी नाहीच, चोवीस महिने झोपून राहणाऱ्या ऑफिसशी आहे. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते आरटीआयने काढा, कॅलेंडरवर लाल गोल करा, आणि बजेटमध्ये भूसंपादनाची तरतूद करा म्हणून दर महिन्याला पत्र. मालक पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जास्त बांधायची मुभा) घ्यायला तयार असेल तर महापालिकेला रोख पैसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे मालकाला भेटून विचारा. आमच्या शेजारच्या वॉर्डात लोकांनी असं केलं, मालकीण बाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत कोणी चहाला पण बोलावलं नव्हतं.

१०. बिल्डर म्हणतो ओपन स्पेस अजून माझ्याच नावावर आहे, मी काहीही करीन.

नाव असणं आणि हवं ते करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. मंजूर लेआउटमध्ये मोकळी जागा म्हणून दाखवली की ती रहिवाशांच्या सामायिक वापराची (प्रश्न ३). रेरा कायद्याच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात बदल करायला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, त्यात बिल्डरचे स्वतःचे फ्लॅट धरत नाहीत. रेराच्या आधीच्या इमारतींना १९६३ चा मोफा (फ्लॅट मालकीचा) कायदा आहे, त्यात कलम ७ बघा.

पण खरा इलाज कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. बिल्डर देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स करून घ्या. लोक पंधरा-वीस वर्षं आळस करतात, खर्च कोण करणार म्हणून, आणि मग बागेत पत्रे लागले की धावाधाव. फ्लॅट घेताना सही केलेल्या करारातलं बारीक टाइपातलं पानही वाचा, "भविष्यातील सर्व बदलांना संमती" असं काहीतरी तिथे घुसवलेलं असतं. अशी सरसकट आगाऊ संमती कोर्टात टिकेलच असं नाही, पण वकिलाला ते पान आधी दाखवा.

११. आमची सोसायटी कमिटीच बाग काढून पार्किंग करायचं म्हणतेय, आणि बहुमत त्यांच्याकडे आहे!

बहुमताने मंजूर नकाशा बदलत नाही. सोसायटीच्या सभेत ठराव झाला तरी ओपन स्पेसवर पार्किंग करणं हा नकाशाचा भंग आहे, वॉर्ड ऑफिसच्या बांधकाम विभागाकडे तक्रार करता येते. पण शेजाऱ्यांशी रोज लिफ्टमध्ये भेट होते, म्हणून आधी गाड्या मोजा. आम्ही मोजल्या होत्या, रात्री अकराला. बाग काढून नऊ गाड्या बसत होत्या आणि पार्किंग नसलेल्या गाड्या होत्या एक्केचाळीस. आकडा फळ्यावर लिहिला, पुढचं बोलावं लागलं नाही.

१२. जागा ट्रस्टची / म्हाडाची / सिडकोची / ग्रामपंचायतीची आहे, हेच सगळं लागू होतं का?

थोडं थोडं. सार्वजनिक ट्रस्टची जमीन असेल तर विक्रीला किंवा लांब मुदतीच्या भाड्याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते (१९५० च्या कायद्याचं कलम ३६), तिथे जाऊन हरकत घ्या. म्हाडाच्या वसाहतीत "टिट-बिट" नावाचे उरलेसुरले तुकडे असतात, बऱ्याच बागा त्यावरच असतात आणि जातात पण त्याच नावाखाली, म्हणून मूळ लेआउट मिळवा. सिडकोच्या भागात जमीन लीजवर असते, त्यांचा नकाशा आणि महापालिकेचा डीपी दोन्ही ताडून बघा. गावात गायरान असेल तर गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने काढलेला शासन निर्णय, दोन्हींच्या प्रती ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) टेबलावर ठेवा.

१३. झाडं तोडायला येणार आहेत उद्या, काय करू?

परवानगीचा कागद मागा. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, महापालिकेलाही, आणि आधी पेपरात आणि झाडावर नोटीस लावून सात दिवस हरकतीला द्यावे लागतात. झाडावर नोटीस नव्हती तर खोडाचे चारही बाजूंनी फोटो काढा तारखेसकट. पन्नास वर्षांवरची झाडं २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्ष धरतात. कागद नसेल तर उद्यान अधीक्षकाला फोन, पोलिसांना फोन, आणि झाडाखाली खुर्च्या टाकून बसा, हातघाई मात्र करू नका.

एवढ्यावर बाग वाचत नाही हेही लक्षात ठेवा. झाडं वाचवून जागा गेली असं होऊ शकतं, "झाडांचं पुनर्रोपण केलं जाईल" असं एक वाक्य लिहिलं की झालं.

१४. कोर्टात जावं का? खर्च किती, आणि जिंकतात का लोक?

जिंकतात. दोन निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावेत. पहिला बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, १९९१. बंगलोरच्या राजमहाल विलास एक्स्टेन्शनमध्ये पार्कसाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून खाजगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी हायकोर्टात गेले, एका न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली, खंडपीठाने मान्य केली, आणि सुप्रीम कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. "तुम्ही कोण, तुमचं काय नुकसान" असं विचारणाऱ्यांना हा निकाल दाखवायचा, शेजारी राहणाऱ्यांना दाद मागायचा हक्क आहे हे त्यात स्वच्छ सांगितलंय. आणि नर्सिंग होम ही काही वाईट गोष्ट नाही, तरी पार्कच्या जागी ती चालत नाही, हा त्यातला खरा मुद्दा.

दुसरा एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू, १९९९. लखनौच्या अमीनाबादमधला झंडेवाला पार्क, त्याच्याखाली शॉपिंग सेंटर बांधायला महानगरपालिकेने टेंडर न काढता बिल्डरला दिला. काम बरंच पुढे गेलं होतं, तरी सुप्रीम कोर्टाने ते पाडून पार्क पूर्ववत करायला लावला. "आता खर्च झालाय, राहू दे" याला हे उत्तर.

कुठल्या कोर्टात? डीपीतल्या बदलाला आव्हान द्यायचं तर हायकोर्टात रिट किंवा जनहित याचिका. सिव्हिल कोर्टात अशा बाबतीत अधिकारक्षेत्राचाच वाद निघतो, आणि महापालिकेवर दावा लावायला आधी एक महिन्याची नोटीस (१९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८७) लागते. पुण्यात हरित लवाद आहे म्हणून बरेच जण तिकडे जायचं म्हणतात, पण एमआरटीपी कायदा लवादाच्या यादीत नाही, नुसता आरक्षणाचा वाद असेल तर परत पाठवतील. उशीर करू नका, "इतके दिवस काय करत होतात" हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर म्हणजे तुमच्या पोच घेतलेल्या प्रती. खर्च वकिलावर आहे. आम्ही दरमहा घरटी दोनशे रुपये काढत होतो, कोर्टात जायची वेळ आली नाही, उरलेल्या पैशात सीसॉ दुरुस्त केला.

१५. "बाग राहणारच आहे, खाली फक्त पार्किंग होणार" हे चालेल का?

लखनौच्या बिल्डरनेही वर बाग राहील असंच म्हटलं होतं. तळघराच्या स्लॅबवर दोन-तीन फूट माती असते, त्यात लॉन येतं, वड-पिंपळ येत नाही, आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही. नियमावलीत ओपन स्पेसवर थोड्या बांधकामाला मुभा आहे, व्यायामशाळा, छोटं क्लब हाउस वगैरे, त्याचंच बोट धरून मनगट पकडतात. बागेत वाचनालय हवं का नको यावर तुमच्यातच दोन गट पडतील, आमच्यात पडले होते. क्रीडांगणाचा प्रदर्शन, मांडव असा तात्पुरता वापर वेगळा, त्याला एमआरटीपीच्या कलम ३७ अ खाली ठराविक दिवसांपुरती परवानगी असते, ते दिवस मात्र मोजा.

१६. नगरसेवक आपल्या बाजूचे आहेत, मग एवढं सगळं कशाला?

ते बाजूचे आहेत हे त्यांना लेखी द्यायला सांगा. सभेत विषय आला की विरोधाची नोंद इतिवृत्तात करून घ्यायची. आमचे तेव्हाचे नगरसेवक बागेत येऊन आमच्याबरोबर घोषणा देऊन गेले आणि ठरावावर अनुमोदक म्हणून त्यांचीच सही निघाली.

१७. बाग ओसाड पडलीये, दारुडे बसतात, कोणीच जात नाही. मग कशाला वाचवायची असं लोकच म्हणतात.

हे खरं दुखणं. विकायची असलेली बाग आधी सुकवतात, दिवे जातात, पाणी बंद होतं, गेटला कुलूप लागतं, मग म्हणतात वापरात नाही. म्हणून वापर वाढवा. सकाळचा हास्यक्लब, भोंडला, कोजागरीचं दूध, किल्ले बनवायची स्पर्धा, पोरांचं क्रिकेट (काचा फुटतील, फुटू दे). प्रत्येक वेळेचा फोटो आणि रजिस्टरमध्ये नोंद. सुनावणीत आम्ही ते रजिस्टर ठेवलं तेव्हा त्यात चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. बंद दिव्याची तक्रार करून तक्रार नंबर जपून ठेवा, दुर्लक्ष कोणी केलं याचा तोच पुरावा.

१८. आम्हीच दत्तक घेतली तर?

चांगलं होऊ शकतं. मुंबईतलं ओव्हल मैदान रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कोर्टात जाऊन दुरुस्त करवलं आणि स्वतः सांभाळलं, आज तिथे कोणीही जाऊन बॅट फिरवतो. पण त्याच मुंबईत काही दत्तक भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस गेटबाहेर, शेवटी २०१६ च्या सुमारास महापालिकेला भूखंड परत घ्यायची मोहीम काढावी लागली. करार करताना बघायचं की प्रवेश सगळ्यांना फुकट, वेळा फलकावर, बांधकाम शून्य, मुदत छोटी. आणि समोरच्या वस्तीतल्या पोरांना हाकलणार असाल तर दत्तक घेऊच नका, उद्या बाग जायची वेळ आली की त्यांच्या आयाच सगळ्यात आधी येऊन उभ्या राहतात.

१९. मी भाडेकरू आहे, मतदार यादीत नाव दुसऱ्या गावात. माझी हरकत धरतील का?

धरतात. कलम ३७ च्या हरकतीला मालकी किंवा मतदार असण्याची अट नाही, कोणतीही व्यक्ती देऊ शकते. सध्याचा पत्ता लिहा, बागेत किती दिवस येताय ते लिहा. आमच्याकडे आलेल्या हरकतींत सगळ्यात लांब, चार पानी, एका घरकाम करणाऱ्या मावशींची होती, मुलीच्या अक्षरात, दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात डबा कुठे बसून खाऊ असं विचारलेलं. अधिकाऱ्याने ती सुनावणीत मोठ्याने वाचली.